उसना तरवा

खाचरात पाणी उभं होतं, चिखल मऊसूत झाला होता, आणि लावायला भाताच्या रोपांचा मूठभर तरवा नव्हता. लावणीच्या दिवसांत बाईमाणसाची याहून मोठी फजिती कोणती ती सांगा. पंगत बसवून ठेवावी आणि भात चुलीवर चढवायचाच राहिला असं कळावं, तसली गत. तुळसा बांधावर उभी होती. डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळीवर पाऊस तडतडत होता आणि पायांच्या बोटांमधल्या चिखल्या ठणकत होत्या.

केरूनं टिलर बंद केला. केरू म्हणजे तुळसाच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या भावजयीशी बोलताना तो कधी तिच्याकडे बघायचा नाही. टिलरकडे बघत म्हणाला, "चिखल झालाय. दोन-चार दिसांत लावलं नाय तर बसंल परत."

"व्हय, भाऊजी."

"तरव्याचं काय करतंस?"

"बघतंय."

"घरात इचार," तो टिलरलाच म्हणाला आणि निघून गेला.

घरात म्हणजे त्याच्या घरात, आणि त्याच्या घरात म्हणजे यमुनाला. केरूला सांगायला काय जातंय? यमुना आणि तुळसा, सख्ख्या जावा, शिमग्यापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका विहिरीवर पाणी भरत होत्या, एका पायवाटेनं जात-येत होत्या, पण समोरून एक आली की दुसरी पदर सारखा करायच्या निमित्तानं मान फिरवायची. पुरुषांचं बोलणं चालू होतं. पुरुषांचं काय, ते टिलरवरसुद्धा बोलू शकतात.

आता तरवा गेला कसा? डुकरांनी घालवला. भाताची रोपं वीतभर होऊन काढायला आली, की रानडुकरं एका रात्रीत रोपांचा सगळा राब नांगरून टाकतात, म्हणून रात्री कोणी ना कोणी राखणीला असावं लागतं. तुळसाच्या घरात माणसं दोनच. नवरा लवू मुंबईला वॉचमन, गणपतीला येणारा. लेक राही लोट्याला एका कंपनीत पॅकिंगला. तिची दुसरी शिफ्ट असली की कंपनीची बस तिला उशिरा फाट्यावर सोडायची, आणि फाट्यापासून वाडीपर्यंतच्या रानातून तरण्या पोरीनं एकटीनं यायचं म्हणजे आईच्या जिवाला घोर. तुळसा बॅटरी घेऊन फाट्यावर जायची. त्या आठवड्यात एका रात्री ती माघारी आली तेव्हा राबात डुकरं लोळून गेलेली होती. वाचल्या तेवढ्या मुठींत वरचे दोन लहान तुकडे लावून झाले. वाटेवरचं मोठं खाचर, वाडीतलं माणूस न् माणूस ज्याच्या कडेनं जातं ते, मोकळं राहिलं.

वाडी काय गप्प बसते? "पोरीची राखण करायला गेली नि तरवा डुकरांच्या घशात घातला," असं गंगुबाई विहिरीवर म्हणाली. तुळसाच्या कानावर ते संध्याकाळच्या आत आलं.

तिनं चार घरं विचारून पाहिली. कोणाकडे उरला नव्हता. उरलेला होता तो यमुनाकडे. यमुना दरवर्षी जास्तीचा पेरायची. तिचा हातच तसा सढळ. त्या वाडीत तरवा कोणी विकत नाही. उरला तर देतात, पण रीत आहे: मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि मागितला तर नाही म्हणायचं नाही. मागायचा तोही त्या घरच्या बाईकडे, तिच्या दारात उभं राहून, तोंडानं. पुरुषानं परस्पर उचलून आणलेला तरवा पोसवत नाही म्हणतात. म्हणून केरू टिलर आणू शकत होता, तरवा नाही.

रात्री लवूचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगो, मग माग की. तोंड झिजतंय काय तुजं?"

"तुमचं झिजंल तवा कळंल," तुळसा म्हणाली आणि फोन राहीकडे दिला.

फोन झाल्यावर राही भांडी घासायला बसली. ती म्हणाली, "आये, एक वरीस राहूदे की पड. माज्या पगारात तांदूळ येतो."

"तांदूळ येतो गो. शेत येत नाय."

राहीनं भांडी पालथी घातली. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं ते यमुनाच्या भावाच्या मुलाशी, सुजयशी. यमुनानंच जुळवलं. घरातलीच मुलगी घरातच राहील, किती आनंद झाला होता तिला. सुजय नालासोपाऱ्याला राहायचा, नोकरी बरी होती, पीत नव्हता, हात उचलत नव्हता. आणि शिमग्याला राही एक बॅग घेऊन आली आणि म्हणाली, मी परत जाणार नाय. का, तर तो कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो. आतून लावायचं असतं ते बाहेरून. का लावतो, तर काळजी वाटते म्हणतो. वाडीचं म्हणणं पडलं: दारू नाही, मारहाण नाही, मग झालं काय पोरीला? खरं सांगायचं तर तुळसालाही ते पुरतं उमगलं नव्हतं. तिच्या सबंध जन्मात तिला कोणी कुलूप लावलं नव्हतं, कारण कुलूप लावायला घरात कोणाला वेळच नव्हता. तिनं राहीला ठेवून घेतलं एवढंच. यमुनाचं मात्र माहेरी तोंड काळं झालं.

दुसऱ्या दिवशी तुळसा गेली. यमुना मागीलदारी गोठ्यातलं शेण काढत होती. तुळसा पागोळीखाली उभी राहिली. पागोळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

"कोन?" यमुनानं मान वर न करता विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोन?"

"तुळसा."

फावडं एकदा चाललं, दोनदा चाललं. "काय काम काढलंस?"

तुळसाला वाटलं, मागे फिरावं. पण मागे ते मोकळं खाचर होतं. "तरवा मागायला आलंय," ती म्हणाली.

"कोनाकडं?"

"तुज्याकडं, वैनी."

यमुनानं फावडं भिंतीला टेकवलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. "आठ दिवस वाट बघतंय तुजी," ती म्हणाली. "तरवा जून व्हायला आला माजा. कोनासाठी ठेवलाय मी तो? लोकाच्या डुकरांसाठी? आत ये. भिजतंस कशाला?"

तिनं तुळसाला चुलीपाशी बसवलं, डोकं पुसायला आपलं जुनं लुगडं दिलं, चहा दिला. पायाच्या चिखल्या बघून तेल-हळद कढवून आणली आणि नको नको म्हणताना बोटांत भरली. इतक्या महिन्यांनी त्या घरातल्या धुराचा वास आला आणि तुळसाला रडू फुटेलसं झालं. माणूस दुस्वासापेक्षा मायेनं लवकर थकतं, ते असं.

"रविवारी दादा येतोय माजा," यमुना तिच्या पायाकडे बघत म्हणाली. "सुजयला घेऊन. राहीला त्या दिवशी ड्युटीला धाडू नको. दोघं समोरासमोर बसूदेत. घेऊन जाईल तो तिला. पोरगा सुधारलाय, दादानं मला शब्द दिलाय."

चूल फुरफुरत होती. तुळसाचा पाय अजून यमुनाच्या हातात होता.

"बरं," तुळसा म्हणाली.

आता हा 'बरं' कसला होता, ते तिलाच विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. सासू बोलली की बरं, नवरा मुंबईला निघाला की बरं, दूध नासलं तरी बरं. चाळीस वर्षं तोंडात बसलेला शब्द, तो विचारून थोडाच बाहेर येतो? पण गेला तो गेला.

दोन दिवसांनी लावणी लागली. यमुना स्वतः आली, बरोबर गंगुबाई आणि वाडीतल्या आणखी दोघी. राहीनं सुट्टी टाकली. जावा बोलायला लागल्या म्हणून पोरीचा चेहरा इतका फुलला होता की तुळसाला तिच्याकडे बघवेना. काय सांगायचं ते आज सांगू, उद्या सांगू, करत तिनं दोन रात्री घालवल्या होत्या.

केरूनं तरव्याच्या मुठी खाचरभर टाकल्या आणि बायका ओळीनं वाकल्या. लावणीत बाई पुढे जात नाही. चार काड्या रोवायच्या आणि एक पाऊल मागे. कंबर तीच, वाकलेली. पाऊस पाठीवरच्या खोळीवरून घरंगळून चिखलात पडत होता. दोन तास झाले की कंबर आपली राहत नाही, ती कोणा दुसऱ्याची असल्यासारखी दुखते.

"राहीचा हात बघा," गंगुबाई म्हणाली. "कंपनीत जाऊनपन इसरली नाय."

"कंपनीत पन हातच लागतात," राही हसत म्हणाली.

"माज्या शेजारी ये," यमुना तिला म्हणाली. तिनं राहीच्या खोळीची सुटलेली गाठ आपल्या चिखलाच्या हातानं बांधली. न्याहारीला स्वतःच्या टोपलीतली भाकरी आणि सुकटीची चटणी तिलाच आधी दिली. "खा बाय. वाळलीस किती."

न्याहारीनंतर पुन्हा ओळ लागली. अर्धं खाचर हिरवं झालं होतं. यमुना वाकल्या वाकल्या म्हणाली, "रविवारी ती जांभळी साडी नेस. मी दिलेली. सुजयला आवडायची ती."

राहीचा हात चिखलातच राहिला. "रविवारी काय हाय?"

"आयनं सांगितलं नाय? दादा येतोय सुजयला घेऊन. तुज्या आयनं बरं म्हटलंय."

ओळ मागे सरकायची थांबली. गंगुबाईनं सुद्धा तोंड मिटलं, म्हणजे बघा. तुळसा खाली बघत होती. हातातली काडी तिनं रोवली, मग तीच उपटून पुन्हा रोवली.

राही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. हातात मूठ होती ती संपेपर्यंत तिनं लावली, एकेक काडी सरळ, आणि मग उभी राहिली. "आये, तू बरं म्हणालीस?"

"म्हणाले."

"तरव्यासाठी?"

तुळसाला नाही म्हणायचं होतं. तरव्यासाठी नाही म्हणाले गो, थकून म्हणाले, पायाला तेल लावत होती म्हणून म्हणाले. पण हे चारचौघीत, गुडघाभर चिखलात उभं राहून कसं सांगायचं? आणि सांगून तरी त्याचा अर्थ वेगळा थोडाच होणार होता? तिला इतकी लाज वाटली, की पावसात अंग गरम झालं.

"मग लाव तू," राही म्हणाली. बांधावर जाऊन तिनं हात धुतले आणि घराकडे गेली.

बायका उभ्या राहिल्या. यमुना म्हणाली, "जाऊदे. पोरगी हाय. समजंल. वाका गो, दुपारपावत संपवू."

तुळसा वाकली नाही. तिनं खाचरातून फिरून न लावलेल्या मुठी गोळा करायला सुरुवात केली. आधी कोणाला कळेना ती काय करतेय. मुठी बांधावर रचून तिनं पाटी आणली.

"काय चाललंय तुजं?" यमुनानं विचारलं.

"उरलेला तरवा तुजा परत नेतंय वैनी."

"खुळी झालीस? काढलेला तरवा परत कोन घेतं? परत कुठं लावू तो, डोक्यावर? म्हशीला घालू?"

"घाल."

"तुळसा, खाचर वाटेवरचं हाय. अख्खी वाडी बघंल अर्धं."

"बघूदे. माजं बरं मी परत घेतलं. तरवा ठेवून कसं घेऊ?" ती पाटीत मुठी रचत होती. "लावलेला उपटता येत नाय. नायतर तोपन दिला असता."

यमुनाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मी तरव्याच्या बदल्यात पोर मागितली असं म्हणतंस?"

"तू मागितलीस असं नाय म्हणत. मी दिली. माजी नव्हती ती द्यायला."

तुळसानं पाटी डोक्यावर घेतली. ओल्या तरव्याचं ओझं साधं नसतं. मुळांचा चिखल गळून तिच्या गालावरून ओघळत होता. तीन खेपांत तिनं सगळ्या मुठी यमुनाच्या मागीलदारी नेऊन ठेवल्या. एकीनंही हात लावला नाही, आणि तिनंही लावू दिला नसता. शेवटच्या खेपेला केरू गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं मुठींकडे बघितलं, तुळसाकडे बघितलं, भावजयीकडे असं सरळ तो पहिल्यांदाच बघत होता, आणि आत गेला.

घरी राही चुलीपुढे बसली होती. संध्याकाळी ती विहिरीवर जाऊन आली. कळशी ठेवत म्हणाली, "अर्धं राहिलं?"

"राहिलं."

"माज्यामुळं?"

"नाय. माज्या तोंडामुळं."

एवढंच. पुढे तीन दिवस राही कामापुरतं बोलत होती. तुळसाला वाटलं होतं, पोर गळ्यात पडेल. मग तिनं स्वतःलाच फटकारलं: चोरलेलं परत केलं की कोणी आरती ओवाळतं काय?

रविवारी राही पहाटेच्या बसनं पहिल्या शिफ्टला गेली. जाताना म्हणाली, "जातंय." तुळसा म्हणाली, "जा."

नऊच्या सुमारास दादा आणि सुजय आले, यमुना मागून. तुळसानं पडवीत चटई टाकली, पाणी दिलं. दादा पांढऱ्या शर्टातले, भारदस्त. सुजय बारीक, नीट भांग पाडलेला, हातात मिठाईचा पुडा. त्याच्याकडे बघून राग येईना, हीच पंचाईत. चार जणांत बसला असता तर चांगला मुलगा म्हणूनच उठला असता.

"राही?" दादांनी विचारलं.

"ड्युटीला गेली."

दादांनी यमुनाकडे बघितलं. यमुनानं त्यांना काही कळवलं नव्हतं; ती खांबाला धरून उभी होती. "घरात ठेवते म्हणाला होतात," दादा म्हणाले.

"म्हणाले होते. चुकलं माजं. ती येणार नाय तुमच्याबरोबर. आज नाय नि पुढंपन नाय."

"हे तुम्ही ठरवणार?"

"नाय. तिनं ठरवलंय. मी सांगतंय तेवढं."

सुजय पुडा मांडीवर घेऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही, आई."

"माहीत हाय बाबा."

दादा उठले. चपला घालताना त्यांनी पायवाटेकडे हात केला. "येताना बघितलं ते खाचर तुमचंच ना? अर्धं ओसाड? शेत धड लावता येत नाही आणि पोर सांभाळायला निघालात."

"व्हय, आमचंच," तुळसा म्हणाली. "लावलंय ते तुमच्या बहिणीच्या तरव्याचं. मोकळं हाय ते आमचं."

ते गेले. तुळसा तशीच पडवीत बसून राहिली. दुपारी तिनं पेज खाल्ली की नाही, तिच्या लक्षात नाही.

ऊन-पावसाचा खेळ चालू असताना, तिन्हीसांजेच्या आधी, यमुना आली. पुढच्या दारानं आली आणि चुलीपाशी भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे सुजले होते. तुळसानं चहा ठेवला.

"दादानं सांगितलं, भाऊबीजेला येऊ नको," यमुना म्हणाली. "आई-बाप गेल्यावर तेवढाच उंबरा होता मला."

तुळसानं चहा गाळून तिच्यापुढे ठेवला.

"तुला वाटतंय अर्ध्या शेताचं मोल दिलंस तू. सगळी वाडी म्हणतेय, काय गो तुळसाची हिंमत. मोल मी दिलं, तुळसा. तू नाय दिलंस."

"व्हय, वैनी," तुळसा म्हणाली. "तू दिलंस." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. दोघींच्या मधे चहा निवत राहिला.

मग यमुना म्हणाली, "त्यानं कुलूप लावलं होतं, ते खरं काय गो?"

"इतक्या महिन्यांत इचारलं नाय तू."

"खरं निघालं असतं तर दादाच्या तोंडावर बोलावं लागलं असतं. म्हणून नाय इचारलं." ती पदराशी चाळा करत होती. "आता काय, दादाच राहिला नाय."

दारात पावलं वाजली. राही ड्युटीवरून आली होती. खांद्याला डब्याची पिशवी, ओढणीवर पावसाचे ठिपके. यमुनाला चुलीपाशी बघून ती उंबऱ्यातच थांबली.

यमुनानं तिच्याकडे बघितलं. विचारायचं होतं ते एक, आणि तोंडातून आलं भलतंच. "आत पाणी-बिणी होतं ना गो, बाय? संडास आतच होता ना?"

राहीनं पिशवी खाली ठेवली. "पाणी होतं, मोठी आई," ती म्हणाली. "दार नव्हतं."

यमुना भिंतीकडे सरकली आणि शेजारी जागा केली. राही लगेच बसली नाही. आधी पाय धुवायला मागीलदारी गेली. तुळसानं निवलेला चहा पुन्हा चुलीवर ठेवला.